चिकटलंय की अडकलंय

हळूबाईंनी आयुष्यात एकदाही दार आपटलं नसेल. प्रयोगशाळेचं दार त्या दोन्ही हातांनी लावत, आत कुणी आजारी माणूस झोपलं असावं तसं. खुर्ची कधी ओढली नाही, उचलून ठेवली. लोणावळ्याच्या बाजारातला रस्ता ओलांडायला त्यांना इतका वेळ लागे की सुट्टीच्या दिवशी मुंबईहून आलेले गाडीवाले त्यांना पाहून हॉर्न वाजवायचे, आणि मग कंटाळून गप्प बसायचे. आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव हळूबाई ठेवलं होतं. समोर अर्थात मॅडम. एकदा ते नाव त्यांच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, “ठेवलंत तर ठेवलंत. पिपेट हातात घेताना ते आठवा म्हणजे झालं.”

कामच तसं होतं. जिवाणूच्या पोटात त्याचं गुणसूत्र असतं. डीएनएचा एकच लांबलचक दोरा, टोकं जुळवून बंद केलेला आणि घड्या घालून कोंबलेला. त्याशिवाय काही जिवाणूंमध्ये डीएनएची छोटी, सुटी कडी असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. औषधाला दाद न देण्याचा गुण पुष्कळदा या कड्यांवरूनच एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो. मॅडमना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. कडं स्वतःची प्रत काढत असतं, तेव्हा ते सुटं तरंगतं की मोठ्या गुणसूत्राला धरून असतं? धरून असलं तर एका पेशीच्या दोन होताना ते दोन्हीकडे नीट पोहोचेल. सुटं असलं तर सगळं नशिबावर. हा प्रश्न त्यांनी तिशीत हाती घेतला होता. मी पीएचडीला त्यांच्याकडे आलो तेव्हा त्यांच्या निवृत्तीला पाच वर्षं उरली होती आणि प्रश्न तिथेच होता.

पहिला महिनाभर त्यांनी मला पिपेटने नुसतं पाणी ओढायला आणि सोडायला लावलं. जिवाणूची भिंत आधी मऊ करायची आणि मग तो इतक्या हलक्या हाताने फोडायचा की आतला दोरा तुटता कामा नये. पिपेटने जोर केला की दोऱ्याचे तुकडे झालेच. म्हणून त्या पिपेटला पुढे बसवायच्या प्लास्टिकच्या टिपांची टोकं कात्रीने कापून तोंडं रुंद करून घेत. मी सुदुंबऱ्याचा, शेतकऱ्याच्या घरचा. आमच्याकडे हळू करणं म्हणजे आळस. दुपारपर्यंत माझ्या पन्नास नळ्या भरून होत आणि मॅडम त्या सगळ्या ओतून देत. “तू पाणी ओतलंस. मी सोड म्हटलं होतं,” एवढंच म्हणत. मला मनातून चीड येई.

दगडूभाऊ हे तिथले प्रयोगशाळा परिचर, तिकोणा पेठेचे. पवना धरणाच्या कडेकडेने दुचाकीवर रोज येत, पावसाळ्यात रेनकोटाखाली प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणखी गुंडाळून. मॅडमचा साखरेचा पाक लावावा तर त्यांनीच. तळाशी दाट, वर जाईल तसा पातळ, असा पाक एका उभ्या नळीत थरांनी भरायचा. फोडलेले जिवाणू त्याच्या माथ्यावर सोडायचे आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. जड गुणसूत्र खाली उतरतं, हलकी कडी वर राहतात. जी कडी गुणसूत्राबरोबर खाली सापडली, ती त्याला धरून होती असं म्हणायचं. संस्थेच्या मागूनच रेल्वेलाईन जाते. घाट चढून आलेली मालगाडी गेली की टेबलावरच्या नळ्या थरथरत. त्यामुळे दगडूभाऊ गाडी जाऊ देत, मग पाकाला हात घालत. “थांबा बाई, अजून डबं चाललंत,” असं म्हणत ते खिडकीपाशी उभे राहत आणि शेवटचा डबा गेला की मॅडमकडे बघून मान हलवत. दोघांपैकी कुणालाही घाई म्हणून नव्हती.

आता इथेच सगळी मेख होती. कडं खाली सापडलं म्हणजे ते जिवंत पेशीत गुणसूत्राला चिकटलेलंच होतं, हे कशावरून? पेशी फुटताना तो लांब दोरा सैल होतो. त्या गुंत्यात एखादं बिचारं कडं नुसतं अडकून खाली गेलं असेल. मॅडमचं सगळं आयुष्य या एका शंकेभोवती फिरत होतं. “चिकटलंय की अडकलंय?” हे त्या इतक्यांदा विचारत की आम्हाला झोपेतही ऐकू येई. विभागातली एक जोडी लग्न करणार असं कळलं तेव्हाही त्यांनी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं होतं, “चिकटलेत की अडकलेत?” मी हसलो. त्या हसल्या नाहीत, पण चहाचा कप तोंडाशी बराच वेळ धरून बसल्या.

स्वतः त्या अविवाहित. वराळ्याच्या बौद्ध कुटुंबातल्या. वडील कारखान्यात फिटर होते. मॅडम घराण्यातल्या पहिल्या पदवीधर, पहिल्या डॉक्टर, पहिल्या सगळ्याच. बोलायच्या नाहीत याबद्दल. एकदाच बोलल्या. मी एका तक्त्यात आकडा चुकवला होता आणि एवढ्याशा चुकीला इतकं काय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या म्हणाल्या, “तुझी चूक तुझीच राहील. माझी चूक झाली की लोक म्हणतील, तरी वाटलंच होतं.” मग पुन्हा तक्त्याकडे वळल्या. मला त्या दिवशी त्यांचा हळूपणा थोडा कळला. पुरता कळला असं म्हणत नाही.

शंकेवरचा उपाय साधा होता. आधी शुद्ध केलेली, वेगळी खूण असलेली कडी बाहेरून आणायची आणि पेशी फोडायच्या आधीच त्यांच्यात मिसळायची. मग फोडायचं. ही बाहेरची कडी गुणसूत्राला चिकटलेली असणं शक्यच नाही. तीही खाली सापडली, तर तो नुसता गुंता. ती वर राहिली आणि आतली तेवढी खाली गेली, तर मात्र चिकटलंय. हा तपासाचा प्रयोग माझ्याकडे होता.

आता जे सांगायचं ते सांगूनच टाकतो. पहिल्यांदा मी तो बरोबर केला. बाहेरची कडी आधी घातली, मग पेशी फोडल्या. कडी खाली गेली. सगळी नाहीत, पण पुष्कळ. मी स्वतःला सांगितलं, माझा हात जड पडला, दोरा तुटून गुंता झाला. पुन्हा तसंच करायला हवं होतं. मी क्रम बदलला. आधी पेशी फोडल्या, सगळं शांत होऊ दिलं आणि अगदी शेवटी, नळीत सोडण्यापूर्वी, बाहेरची कडी घातली. ती वर राहिली. नळीतल्या थरांचं फिल्मवर उमटलेलं चित्र असं स्वच्छ आलं की बघत राहावं. अडकायची वेळ टळून गेल्यावर घातलेली कडी अडकणार कशी, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. मला कळत नव्हतं असं नाही. मी ते कळू दिलं नाही.

मॅडमनी ते चित्र दिव्यासमोर धरून पाहिलं. मग दगडूभाऊंना हाक मारली आणि म्हणाल्या, “भाऊ, आज काम बंद. बाहेरून काहीतरी गरम आणा.” मुसळधार पाऊस होता. भाऊ भजी घेऊन आले, कागद भिजून त्याचा लगदा झालेला. मॅडम तळव्यावर भजं घेऊन हळूहळू खात होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. पंचवीस वर्षांत त्यांचं काही पाहून कुणी वा म्हटलं नव्हतं. मी समोर बसून पोटभर भजी खाल्ली. ते आठवलं की अजून लाज वाटते.

पुढची दोन वर्षं मी तसाच शेवटी कडी घालत गेलो. चित्रं जमत गेली. शोधनिबंध लिहिला, तो एका चांगल्या नियतकालिकाने घ्यायचं कबूल केलं. माझा प्रबंध दाखल झाला, परदेशात एका प्रयोगशाळेत जागाही ठरली. मॅडम निवृत्त व्हायला चार महिने होते. सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. ज्यांनी कधी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं ते प्राध्यापकही येऊन अभिनंदन करून गेले.

नियतकालिकाने शेवटची एक गोष्ट मागितली, प्रयोगाची कृती पायरीपायरीने. मी त्या दिवशी व्हिसाच्या कामाला मुंबईला होतो. मॅडमनी दगडूभाऊंना म्हटलं, मी कृती लिहिते, तुम्ही नळ्या तो वापरतो त्या क्रमाने मांडा. भाऊंनी मांडल्या. बाहेरच्या कड्यांची नळी ओळीत सगळ्यात शेवटी.

“ही इथे का?”

“दादा ती शेवटालाच टाकत्यात की, बाई,” भाऊ म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी रांगेत होतो. “बाहेरची कडी तू कधी टाकतोस?” आवाज नेहमीसारखाच. मी म्हणालो, “शेवटी, मॅडम. मला वाटलं, चालतं.” फोनवर नुसती पावसाची सरसर ऐकू येत होती. “बरं,” त्या म्हणाल्या, “काम उरकून ये.”

तीन आठवडे त्यांनी सगळे प्रयोग स्वतःच्या हाताने केले. मला नळ्यांना हात लावू दिला नाही, पण जा असंही म्हटलं नाही. मी स्टुलावर बसून असायचो. दगडूभाऊ पाक लावून बाहेर जात, पूर्वीसारखं काही बोलत नसत. प्रत्येक वेळी बाहेरची कडी खाली गेली. आतली जरा जास्त गेली, बाहेरची जरा कमी. “फरक दिसतो मला,” शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या. “पण आहे म्हणून दिसतो, की असावा असं वाटतं म्हणून दिसतो, हे मला सांगता येत नाही. आणि सांगता येत नसेल तर छापता येत नाही.”

मी विनवण्या केल्या. कोण करून बघणार आहे, कुणाला कळणार आहे, माझी जागा जाईल, तुमचं व्याख्यान जाहीर झालंय. सगळं बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “कुठेतरी तुझ्यासारखंच कुणी हे वाचेल आणि यावर पुढचं काम उभं करेल. त्याची दोन-तीन वर्षं जातील. मग तो म्हणेल, माझाच हात जड आहे. असं मी कुणाचं करणार नाही.”

हात जड आहे, हेच शब्द. मी दचकलो. पण त्या सहज बोलल्या असाव्यात, असं मी धरून चाललो.

निबंध मागे घेतल्याचं पत्र त्यांनी मला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं की प्रयोगाच्या क्रमाची खातरजमा करणं ही त्यांची स्वतःची जबाबदारी होती आणि ती त्यांनी पार पाडली नाही. माझ्या नावाचा त्यात उल्लेखही नव्हता. वाचून मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि पुढे त्या लाजेचा राग झाला. तो मी त्यांच्यावरच काढला. व्याख्यान रद्द झालं. निरोपसमारंभाला विभागातले निम्मे लोक आले नाहीत. जिन्यात कुणीतरी म्हणालंच, “तरी वाटलंच होतं.” मी मागेच होतो. मी वळून काही बोललो नाही. परदेशातली जागा गेली, प्रबंधाचा अर्धा भाग काढून टाकावा लागला. पदवी मिळाली ती उशिरा आणि रडतखडत. वराळ्याजवळच्या एका औषधकंपनीत गुणवत्ता तपासणीत मी चिकटलो. मॅडमच्या गावावरून रोज कामाला जायचो आणि त्यांना चार वर्षं भेटलो नाही.

काही प्लाझ्मिड गुणसूत्राचा आधार घेतात, हे आज विद्यार्थी वर्गात शिकतात. आमच्या प्लाझ्मिडचं काय, ते कुणालाच माहीत नाही. त्याच्यावर पुन्हा कुणी काम केलं नाही.

मग दगडूभाऊंचा फोन आला. “बाईंच्या छातीचं लय बिघडलंय. येकदा जाऊन या, दादा.” तुंगार्लीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. लोणावळ्यात पावसाळ्यात पुस्तकांना, चपलांना, भिंतीवरच्या पदवीलाही बुरशी धरते. त्या हवेत फुप्फुसं गेलेल्या माणसाने राहू नये. मॅडमचा सख्खा भाऊ त्यांना वराळ्याला न्यायला तयार होता, पण त्यांना घर सोडवत नव्हतं. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र घरघरतंय, समोर टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि वह्यांचा ढीग. मॅडम इतक्या बारीक झाल्या होत्या की क्षणभर मी दारातच थबकलो.

“ये,” त्या म्हणाल्या. “दार लावून घे. हळू.”

वाक्यावाक्यात थांबावं लागत होतं. तरी त्यांनी माझ्या कामाचं विचारलं, आईचं विचारलं. वहीत त्यांनी त्याच प्रयोगाची नवी रीत लिहून ठेवली होती. पेशी फोडायचीच नाही, आतल्या आत कड्याला खूण करायची आणि जिवंतपणीच बघायचं. म्हणजे गुंत्याचा प्रश्नच नाही. “यंत्र मोठं लागेल. माझ्याच्याने आता व्हायचं नाही. तुला जमलं तर बघ,” असं म्हणून वही माझ्याकडे सरकवली. मी हो म्हटलं. माझ्याकडे तसलं यंत्र नाही आणि मिळायचं नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मग त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं समजून मी उठणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “एक विचारू? बाहेरची कडी तू एकदा तरी आधी घालून पाहिली होतीस का रे?”

डोळे मिटलेलेच होते. माझ्याकडे बघून विचारलं असतं तर कदाचित मी खरं बोललो असतो. कदाचित नसतोही. त्या क्षणी मला वाटलं, आजारी माणसाला कशाला आणखी दुखवायचं. खरं कारण ते नव्हतं. चार वर्षं मी स्वतःला एक निष्काळजी विद्यार्थी समजत आलो होतो आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

“नाही मॅडम,” मी म्हणालो.

“बरं,” त्या म्हणाल्या. “चहा घेऊन जा. कामाची बाई येईलच आता करायला.”

पंधरा दिवसांनी मॅडम गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वराळ्याला भावाच्या घरी झाला. आता तिथे चारी बाजूंनी इमारती उठल्यात, त्यांच्यामध्ये ते बसकं घर. मांडवात वंदना झाली, दोघा-चौघांनी आठवणी सांगितल्या. मला बोल म्हणाले. मी उभा राहिलो आणि त्यांच्या हळूपणाबद्दल बोललो, लोक थोडे हसले, बरं बोललास म्हणाले. संस्थेतून कुणीच आलं नव्हतं, मी आणि दगडूभाऊ सोडून. भाऊ आता निवृत्त झालेत. मांडवाच्या कडेला आम्ही दोघं जेवायला बसलो.

“बाई लय नाव काडायच्या तुमचं,” भाऊ म्हणाले.

“कशाला काढतील. मी त्यांचं वाटोळं केलं.”

भाऊंनी घास खाली ठेवला. “त्ये न्हाई म्हनल्या कदी. आन त्यांस्नी समदं ठावं व्हतं की. ज्या दिशी म्या नळ्या मांडल्या, तवाच, तुमास्नी फोन लावायच्या आदी, मला इचारलं, भाऊ, दादांनी कदी आदी टाकून पाह्यली का वं? मी म्हनलं, व्हय, पयल्या बारीला टाकली व्हती, मग लय वाईट तोंड करून नळी धुया दिली मला. मला काय ठावं, त्यात काय हाय ते.”

मुंबईला मला फोन आला, त्याच्या आधीच त्यांना माहीत होतं. पत्र लिहिताना माहीत होतं. मला तीन आठवडे स्टुलावर बसू दिलं तेव्हाही.

“मग भाऊ, त्या काय म्हणाल्या?”

“काय म्हनायच्या! मग म्हनल्या, कुनाला बोलू नका भाऊ, त्यो आपनहून सांगंल मला.” भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारा माणूस, त्यांच्या बोलण्यात कसलीही खोच नव्हती. “तुमी गेलतासा न्हवं त्यांच्याकडं, मागच्या म्हैन्यात? मग सांगितलंसा?”

“नाही,” मी म्हणालो.

ताटातलं उरलेलं भाऊंनी सावकाश संपवलं, माझंही ताट उचललं आणि दोन्ही घेऊन मोरीकडे गेले.